दादापीरचा फेटा

"शुक्कीरवारी? कुनी सांगितलं शुक्कीरवारी?"

"ती वेणी म्हणती. तुमीच तर वाचून दाखवलं."

"म्हणू दे की. चौदा वर्सं मी ह्या भट्टीम्होरं बसून ह्येच बघतोय. त्या खेळाच्या कंपनीनं सणाआधी कधी नवा गड खोललाय का? पुढल्या म्हयन्याच्या आत न्हाई. तसं लिहिलंय मी."

"लिहिलंय तर मग जीव कशाला भाजताय?" शमीम चाळण आपटत म्हणाली. "वाळू भाजा."

दावणगेऱ्यात मंडक्कीच्या, म्हंजे आपल्या चुरमुऱ्याच्या, भट्ट्या एकीला एक चिकटून आहेत. त्यातली दादापीर नदाफची कुठली, हे धुरानं नाही कळत, फोनवरनं कळतं. कढईच्या वरच्या कोनाड्यात प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा फोन उभा असतो. एक हात झाऱ्याला, दुसरा फोनला. मी बारा वर्सं त्याच्या दारात तुसाची गाडी खाली करतोय. बोलताना त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलेलं मला फारसं आठवत नाही.

दादापीर दहावीपतोर शिकला. बाप कामाला होता ती कापडाची गिरणी बंद पडली तसा हा एका इंटरनेटच्या दुकानात झाडलोट करायला लागला. झाडता झाडता मोडक्या मशिनी उघडायला शिकला, खेळ खेळायला शिकला, आणि गिऱ्हाईक नसताना 'कट्टे'वर लिहायला शिकला. कट्टे म्हंजे कन्नड माणसांचा गप्पांचा अड्डा, सगळा इंटरनेटवरचा. कुणाचा फोन तापतो, कुठला खेळ चांगला, पेपरातली बातमी खरी का खोटी, काय वाटेल ते तिथं चालतं. पुढं सासऱ्याची, म्हंजे शमीमच्या बापाची, भट्टी गळ्यात पडली, दुकान सुटलं, कट्टे काही सुटलं नाही. मीही त्याच्यामुळंच तिथं गेलो. मी वाचतो, लिहीत नाही.

तिथं एक रीत आहे. सोमवारी एक प्रश्न टाकायचा: अमक्या फोनची किंमत काय निघेल, तमका कायदा पास होईल का, खेळात नवं काय कधी येईल. ज्याचं खरं भाकीत सगळ्यांच्या आधी, त्याच्या नावापुढं शनिवारी म्हैसुरी फेट्याचं चित्र लागतं, आठवडाभर. पैसा नाही, अडका नाही, नुसतं चित्र. पण दादापीरच्या नावापुढं तो फेटा इतक्यांदा लागला की लोक त्याला फेटेवाले अण्णाच म्हणायला लागले. कट्टेचे तीन राखणदार, त्यातला एक तो. राखणदाराला किल्ली असते. कुणाचंही लिहिलेलं तो बदलू शकतो, खूण राहत नाही. कुणी लिहिलेल्या शिव्या पुसायच्या कामाला ती किल्ली.

मग वेणी आली. सागर गावाकडची, सुपारीच्या सोसायटीत कारकून. गेल्या सहा सोमवारांत तिनं दोनदा फेटा नेला. बरं, बाई तोऱ्यात तरी बोलावी, तर तेही नाही. कट्टेवर दुसऱ्याला उत्तर देताना त्याचं वाक्य आधी आपल्या हातानं वर उतरवून घ्यायचं असतं, म्हंजे कुणाशी बोलतोय ते कळावं. वेणी दादापीरचं वाक्य उतरवायची आणि खाली लिहायची, अण्णांचा अनुभव मोठा, तरी मला असं वाटतं. आणि तिला वाटायचं ते खरं निघायचं.

"गोड बोलती," दादापीर म्हणायचा. "सुरी तुपात बुडवून मारती."

ह्या सोमवारचा प्रश्न होता 'कोटे काळग' नावाच्या फोनवरच्या लढाईच्या खेळाचा. नवा गड, म्हंजे खेळातला पुढचा टप्पा, कधी उघडणार? दादापीरनं लिहिलं, पुढच्या महिन्यात. वेणीनं लिहिलं, ह्याच शुक्रवारी. कारण काय, तर तिचा फोन जुना, सदा भरलेला. खेळानं गुपचूप दुप्पट जागा मागितली तशी तिच्या फोननं बोंब मारली. म्हणजे गड आत येऊन बसलाय, दार तेवढं उघडायचं बाकी आहे, असा तिचा हिशेब. दादापीरनं ईदीला नवा फोन घेतलेला. त्यात जागा रग्गड, त्याला कोण सांगणार?

शुक्रवारी दुपारी गड उघडला.

शनिवारी सकाळी मी तूस घेऊन गेलो तर भट्टी पेटलेली, तांदूळ मिठाच्या पाण्याचा हात लावून ठेवलेला, आणि दादापीर पायरीवर. फोन पिशवीतनं बाहेर काढलेला. मी माझा उघडला. दादापीरचं सोमवारचं भाकीत तिथं होतं: 'ह्याच शुक्रवारी.' वेणीच्या आधी तासभर लिहिलेलं, म्हंजे फेटा त्याचाच.

आणि त्याच्या खालीच वेणीचं उत्तर, वर त्याचं वाक्य उतरवलेलं: 'पुढच्या महिन्याच्या आत नाही.'

एवढा जुना राखणदार, आपलं वाक्य बदललं आणि दुसरीनं उतरवलेलं विसरला.

लोकांनी सोडलं नाही. हरिहरचा एक गडी म्हणाला, "फेटेवाले अण्णा, एका तोंडानं दोन भाकितं? एक लागतंच म्हणा." दुसरा म्हणाला, "दोन फेटे द्या, दोन्ही तोंडांना."

"तिचंबी बदल की," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"बदलणारच व्हतो," तो म्हणाला. "अंगठा टेकवलाच व्हता. तवर तिनं ह्ये लिहिलं. वाच."

वेणीनं लिहिलं होतं, 'चूक माझी असेल. घाईत उतरवताना मीच काहीतरी भलतं लिहिलं असणार. अण्णा असं करायचे नाहीत. फेटा त्यांचा.'

"सुटलास की मग," मी म्हणालो.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "सुटलो? आरं, तिनं फेटा नेला असता तर एक आठवडा डोक्यावर मिरवला असता. आता ही माझ्यासाठनं खोटं बोलली. समद्यांना ठावं हाय खोटं बोलती ती. म्हंजे फेटा माझा आन् मोठेपणा तिचा. जन्मभर हिच्या पदराखाली बसू मी?"

"तिला तुमची कीव आली," शमीम आतनं म्हणाली.

तेवढं त्याला पुरलं. त्यानं तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि लिहायला लागला. कन्नड तो झरझर लिहितो, त्या दिवशी बोट अडखळत होतं. 'वेणीनं बरोबर उतरवलं. माझं वाक्य मी काल बदललं, राखणदाराची किल्ली वापरून. मी पुढचा महिना म्हणालो होतो. कुणी माझ्यासाठी खोटं बोलायची गरज नाही.' शेवटचं वाक्य त्यानं दोनदा पुसून तिसऱ्यांदा ठेवलं. मग स्वतःच्या हातानं फेटा तिच्या नावापुढं लावला.

पाव तासात बाकीच्या दोघा राखणदारांनी त्याची किल्ली काढून घेतली, वर्षभरासाठी. त्यानं ते वाचलं आणि मान हलवली, जसं काही पोत्याचं वजन बरोबर भरलं. पुढं लोकांचं सुरू झालं: अण्णांचं मन मोठं, असं कबूल करायला छाती लागते. हरिहरचा गडीही नरमला, "कबूल केलंत, आता मंडक्कीचा भावही खरा सांगा."

दादापीर एकेकाचं वाचत होता. मला वाटलं, निवला. तर मला विचारतो, "कुनाला जास्ती लोकांनी चांगलं म्हटलं? मला का तिला?"

मी बघितलं. "तिला. थोडंच जास्त."

"आन् ती काय म्हणाली?"

"म्हणाली, अण्णा, सोमवारी भेटू."

"बघ," तो म्हणाला. "किल्ली गेली माझी, आन् अजून गोडच बोलती." मग हातातला फोन उलटा करून बघत म्हणाला, "फोन जुना ठेवायला पायजे व्हता मी."

"ती भट्टी विझली तर मंडक्की फुलायची न्हाई," शमीम म्हणाली. "मग लोक काय म्हणत्याल ते वाचा."

तो उठला. फोन पिशवीत घातला, कोनाड्यात ठेवला. मी तुसाचं पोतं भट्टीच्या तोंडाशी ओतलं, त्यानं पायानं आत सारलं. ओंजळभर तांदूळ वाळूत टाकून बघितले, फुलले नाहीत. अजून जाळ पाहिजे होता. तो झारा घेऊन वाळू ढवळत बसला.