भट्टीतून उडालेलं शिसं

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. निरोप समारंभाच्या भाषणात टाळली, घरच्यांपाशीही टाळली. आता जळगावला मुलाकडे असतो. हात चालतोय तोवर लिहून टाकतो.

पन्नाशीला टेकलेलो असताना मी पीएचडीला बसलो. धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. विषय फेरोइलेक्ट्रिक पदार्थांचा. शिसं, झिर्कोनियम, टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची भुकटी खलायची, दाबून वड्या करायच्या, बाराशे अंशांवर भाजायच्या. अशा वडीला विजेचा दाब दिला की आतले भार एका दिशेला सरकतात आणि दाब काढला तरी बरेचसे तसेच राहतात. यंत्राच्या पडद्यावर त्याची एक बंद, फुगीर आकृती उमटते. माझ्या वड्यांची उमटत नव्हती. दोन वर्षं गेली.

भट्टी सांभाळणारे परिचर माझ्याहून थोडे मोठे. घराणं कल्हईवाल्यांचं. मी त्यांना भाऊ म्हणायचो. एकदा थंड भट्टीची झाकणवीट काढून त्यांनी मला बोलावलं.

“सर, आठे देखा. हाई पिवळं काय शे?”

“धूळ असेल, भाऊ.”

“धूळ अशी पिवळी ऱ्हास का? तुमनं शिसं शे हाई. कल्हईमा नवसागर उडस ना, तसं उडी गयं.”

वडी तोलली. हलकी झाली होती. शिकलेला मी, आणि विटेकडे कधी पाहिलंच नव्हतं! उपायही त्यांनीच सांगितला. वडी त्याच भुकटीत पुरायची, वर वाटी पालथी घालायची, कड मातीने लिंपायची.

“बाहेरच इतलं शिसं ऱ्हाई, ते आतलं कसाले निंघी?”

तसं केलं. पडद्यावरची हिरवी रेघ आधी थरथरली, मग दोन्ही टोकांना ताणत हळूहळू उघडली. रुपयापेक्षा लहान वडी, आणि तिच्या आत मोजता न येणारे कण एकाच वेळी कूस बदलत होते. मी खुर्चीत बसूच शकलो नाही. पुढे कळलं की ही रीत जगात आधीपासून होती. पण आम्ही दोघांनीही ती वाचलेली नव्हती. भाऊंनी ती एका विटेवरून ओळखली. त्याचं नवल मला आजही वाटतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, “भुकटीत पुरायचं कुणाला सुचलं?”

भाऊ चहाचे कप ठेवत होते.

“मला,” मी म्हणालो.

त्यांनी शेवटचा कप ठेवला, माझ्याकडे न बघता ट्रे उचलला. प्रबंधाच्या आभारात त्यांचं नाव ‘भट्टीच्या देखभालीसाठी’ एवढंच आहे.

गेल्या वर्षी मुद्दाम धुळ्याला गेलो. भाऊ खाटेवर होते, शेजारी एक म्हातारे गृहस्थ. मला पाहताच भाऊ उठून बसले आणि त्यांना अभिमानाने सांगू लागले, “ह्या आमना सर. उडनारं शिसं यासनी रोकं!”

ते गृहस्थ माझ्याकडे आदराने पाहू लागले. मी मान खाली घालून चहा प्यालो आणि उठलो. दोन महिन्यांनी भाऊ गेल्याचा फोन आला. धुळ्याला जाताना वाटभर घोकलेली वाक्यं तशीच राहिली: भाऊ, ते तुम्हाला सुचलं होतं. मी खोटं बोललो, तेही तुमच्यासमोर. मला माफ करा.