तिसरी खुर्ची

“जो दिवा इझवून जेवते, तो काहीतरी लपवते,” असं शकुनबाई उठताबसता म्हणायच्या. लाखनीजवळच्या त्यांच्या गावात हे वाक्य लहानथोरांना पाठ होतं. भाजीवाल्याने टोपली झाकलेली दिसली तरी त्या हेच त्याच्या तोंडावर टाकत, आणि सगळ्यांत खालचं वांगं वर काढायला लावत.

म्हणून लग्नाच्या वाढदिवशी मुलगा धर्मेंद्र सुनेला, राखीला, भंडाऱ्याच्या हॉटेलात जेवायला नेणार हे ऐकलं, तेव्हा धानाच्या कोठीत उंदीर शिरावा तसं त्यांचं मन कुरतडू लागलं. शेजारच्या पंचफुलाचा मुलगाही बायकोला असाच जेवायला घेऊन गेला होता, आणि परतल्यावर त्याने वेगळी चूल मांडली होती. शकुनबाईंना तर एकच मुलगा. तो वेगळा निघाला, तर त्यांनी चूल पेटवायची कोणासाठी?

“मीबी येतो,” त्या म्हणाल्या.

“तू कायले, आई?”

“काहून? लगन मी लावून देलं, अन् वाढदिवस तुमचा दोघायचाच?”

बसमध्ये त्या दोघांच्या मध्ये बसल्या.

हॉटेलात दिवे असून नसल्यासारखे. टेबलावर मेणबत्ती, कुठूनतरी हळू गाणं. टेबल दोघांचंच होतं. वेटरने तिसरी खुर्ची आणून लावली.

“काहून रे बाबू, लाईन गेली का?”

“नाही मावशी. असंच ठेवतो आम्ही. माहौल बनते.”

“अंधारात भाजीत माशी पडली, त माहौलच खाऊ का?”

वेटर हसला, शकुनबाई हसल्या नाहीत. जेवण आलं तशी मेणबत्ती उचलून त्यांनी भाजीच्या वाटीत डोकावून पाहिलं, पनीर बोटाने दाबलं, आणि मग ज्योत पोराच्या तोंडापाशी नेली.

“खरं सांग. वेगळं निघाचं ठरवाले आले ना तुमी?”

धर्मेंद्रने मान खाली घातली. झालं, त्यांचा संशय दगडासारखा घट्ट झाला. त्यांनी मेणबत्ती सुनेकडे वळवली.

राखीचा पदर कपाळावर ओढलेला होता. समोर ताट भरलेलं, घासही मोडलेला नव्हता.

“जेव न वं.”

“तुमचं होऊ द्या, आई.”

सासू जेवल्याशिवाय सुनेने जेवायचं नाही, नवऱ्याच्या पंगतीला तर नाहीच. ही रीत शकुनबाईंनीच तिला घरात आली त्या दिवशी सांगितली होती.

“लगन झाल्यापासून हिनं मायासंग गरम घास नाई खाल्ला, आई,” धर्मेंद्र हळूच म्हणाला. “एक रोज खावं म्हटलं. बस, येवढंच.”

शकुनबाईंनी त्याचे हात पाहिले. लहानपणी खोटं बोलताना तो कान खाजवायचा. हात टेबलावरच होते. तरी मन पुरतं मानेना. पण आपण बसून आहोत तोवर ही पोरगी उपाशी राहणार, एवढं मात्र कळलं.

त्या उठल्या. तिसरी खुर्ची स्वतःच ओढून भिंतीला लावली.

“मी बसस्टँडवर बसतो. तिथं उजेड तरी हाय. अन् चूल एकच राहीन, सांगून ठेवतो.”

पिशवी काखेत मारून त्या निघाल्या. दारात एकदा वळून पाहिलं, संशयानेच. मग रस्त्याच्या उजेडात चालत्या झाल्या. राखी काचेतून त्यांच्याकडे पाहत राहिली, रोटीचा पहिला तुकडा हातात धरून.