हारलेल्याच्या पेंढ्या

“मले उत्तर नाई येत, एवढंच म्हणलो होतो मी. देव हाये, असं म्हणलो का? सांग ना गा लटारू!”

श्रावणभाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता, हातात गुलाबी पत्रिका. खालच्या बांधीत लटारूभाऊ भाताची रोपं लावत, रोवणा करत वाकलेला, वर पाहत नव्हता.

“पेंढ्या तं उचलल्या ना तुनं?”

“हारलो म्हणून उचलल्या.”

“मंग झालं तं.”

या पेंढ्यांचं सांगतो. दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, लागून. वरची श्रावण रामटेकेची, खालची लटारूची. बोडीचं, म्हणजे वरच्या छोट्या तळ्याचं, पाणी बांधीबांधीतून खाली यायचं. श्रावणभाऊचा बाप छप्पन साली पायी चांद्याला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आलेला. लटारूभाऊ देवळाच्या कमिटीत. रोवण्याच्या दिवसांत दुपारची शिदोरी सुटली की दोघांचा वाद सुटायचा: देव हाये का नाई. बावीस वर्षं चालला. कायदा श्रावणभाऊनं घातलेला. पोथी आणायची नाही, बुद्धाचं नाव काढायचं नाही, कोणाच्या अंगात काय आलं ते सांगायचं नाही. निव्वळ अक्कल. अन् जो हारला त्यानं दुसऱ्याच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या डोक्यावर वाहायच्या.

बहुतेक लटारूच वाहायचा.

“गाडगं हाये तं कुंभार असनच ना?”

“कुंभाराले मी बाजारात पाह्यलो. तुह्यावाला दाखव. अन् त्याले कोणं घडवलं, तेबी सांग.”

चालला लटारू पेंढ्या घेऊन.

यंदा मात्र त्यानं भाकर खाता खाता पाण्याकडं बोट केलं. “माह्या बांधीत पाणी तुह्या बांधीतून आलं. तुह्यात तिच्या वरच्या बांधीतून. असं वरवरच जात राह्यलं, अन् शेवटी बोडीच नसन, तं हा चिखल कुठून आला गा?”

“बोडीत पावसाचं येते.”

“पावसात कुठून? जा ना वर, जा. कुठी तरी बोडी लागनच, जिले दुसऱ्याकडून पाणी घ्या लागत नाई.”

दोन दिवस बैल हाकतानाही श्रावणभाऊचे ओठ हलत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःहून खाली उतरला अन् लटारूच्या पेंढ्या उचलल्या. माणूसच तसा. उत्तर नसलं तर नाही म्हणणारा.

पंधरा दिवसांनी पत्रिका निघाली. बोडीच्या काठच्या पाळीवर नवं देऊळ, मूर्ती बसणार होती. खाली छापलं होतं: ‘देवाचे अस्तित्व मान्य केल्याबद्दल श्री. श्रावण रामटेके यांचा सत्कार.’ एक पत्रिका विहाराच्या दारावर कोणीतरी चिकटवून गेलं. बोरिंगवर पाणी भरताना श्रावणभाऊच्या बायकोला, बायनाबाईला, बाया म्हणाल्या, “काय वं, आता हळदीकुंकवाले बसशीन?” तिनं घरी येऊन पत्रिका नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली.

“बापानं चांद्याहून पायी चालत आणलं, अन् तुमी पेंढ्याईसंगं देऊन आले.”

ताट तसंच ठेवून श्रावणभाऊ धुऱ्यावर आला होता.

“बोडी असन,” तो म्हणाला. “असू दे. पण तिले नाक-डोळे हायेत, तिले नारळ लागते, हे कोणत्या अकलेतून काढलं तुनं? तिथवर तं आपला वाद गेलाच नाई.”

लटारू कंबर धरून उभा झाला. “बावीस वर्षं हारलो मी. कमिटीवाले हासत, हा रामटेक्याच्या पेंढ्या वाहते म्हणून. एक डाव जिंकलो, तं कोणाले सांगू नाई?”

“सांगाचं होतं, वाद जिंकलो म्हणून. माणूस जिंकलो म्हणून काऊन सांगतलं?”

लटारूनं हातातली पेंढी खाली टाकली. मग चिखल तुडवत वर आला अन् श्रावणभाऊच्या पेंढ्यांकडं हात नेला. कायदा तसाच होता.

“हात नोको लावू.”

“हारलो ना गा मी.”

“नोको लावू म्हणलो ना.”

लटारू हात पुसत खाली गेला.

दुपारी पाण्याची पाळी खालच्या बांधीची. पाणी सोडताना वरच्यानं ओरडायचं, “सोडलं गा!” खालच्यानं “आलं!” म्हणायचं. बावीस वर्षं तसंच होतं. श्रावणभाऊनं फावड्यानं धुरा फोडला. पाणी खळखळ खाली गेलं. तो ओरडला नाही.

पत्रिका चिखलात गेली होती. त्यानं आपल्या पेंढ्या आपणच डोक्यावर घेतल्या, बांधीत फेकल्या, एक सोडली अन् वाकला. मागं मागं सरकत रोवत राहिला.