काकांचा सोनं ओढायचा पंप

लंडनच्या हॅरो भागात आमच्या शेजारी राहणारे काका गॅरेजमध्ये सोनं शोधायचे हातपंप बनवतात. सिंकखालचा प्लास्टिकचा पाइप, आत दांडा, दांड्याच्या टोकाला जुन्या चपलेच्या रबराचा वॉशर. "विकतचा पंप वाळूत अडकतो रे," म्हणत प्रत्येक नवा पंप बाथटबमध्ये ओढून बघतात आणि काकूंची बोलणी खातात. मग स्कॉटलंडच्या ओढ्यात गुडघाभर गार पाण्यात उभं राहून दगडांच्या फटीतली वाळू ओढायची, ताटात धुवायची. वर्षाकाठी मोहरीहून बारीक पाच-सहा कण हाती लागतात. मला हे निव्वळ खूळ वाटायचं.

यंदा दसऱ्याला ते दारात आले. सेलोटेपवर चिकटवलेला एक कण माझ्या तळहातावर ठेवला आणि ओशाळून म्हणाले, "सोनं घे. आपट्याची पानं काही मिळाली नाहीत."