जसिंताने ओढून आणलेलं विमान

दोह्यातल्या बिन महमूदमध्ये राहणारी आमची वसईची जसिंता नर्स होती. रक्त बघून ती कधी डगमगली नाही. पण विमानाचं चाक जमिनीवरून सुटलं, की ती रोझरीची माळ काढायची आणि चाक पुन्हा टेकेपर्यंत ओठ थांबू द्यायची नाही. प्रार्थना थांबली की विमान पडतं, अशी तिची खात्रीच होती. दोहा ते मुंबई विमान तिने वर्षानुवर्षं असं तोलून धरलं होतं.

दोन हजार चार साली लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पोर्तुगालला जाऊन फातिमाच्या मारिया मातेचं दर्शन घ्यायचं आणि लग्नाच्या वाढदिवशी संध्याकाळी रोमच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकायची, असं तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. दोन विमानं बदलून लिस्बनला पोचेपर्यंत तिचा घसा पार बसला. फातिमा झालं. राहिलं रोम.

वाढदिवसाच्या सकाळी लिस्बनच्या विमानतळावर तिने नवऱ्याला विचारलं, "हॅरी, रोम किती लांब?"

"साडेअठराशे किलोमीटर. दोहा-मुंबईपेक्षा कमी."

"आणि वेळ?"

हॅरीने तिकीट पाहिलं. अकराला निघणार, पावणेतीनला पोचणार. घड्याळांत एका तासाचा फरक. आखातातल्या माणसाला हा हिशेब पाठ असतो. मुंबईला जाताना फरक वजा करायचा, पश्चिमेला परतताना मिळवायचा. युरोप म्हणजे पश्चिमच, म्हणून हॅरीने ऐटीत एक तास मिळवला. लिस्बनहून रोम पूर्वेला पडतं, तास वजा करायला हवा, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"पावणेपाच तास."

"अंतर कमी नि वेळ जास्त? बैल जुंपतात काय?"

"इकडची विमानं सावकाश जातात. देखावा दाखवत."

"पावणेपाच तास मला नाही झेपायचं. खलास! मी ट्रेनने येते."

"ट्रेन परवा पोचेल, बाई! मिस्सा आज आहे."

जसिंता उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी पाण्याची बाटली कवटाळून विमानात चढली. आवाज शेवटपर्यंत टिकावा म्हणून नुसती पुटपुटत होती. खाली समुद्र निळ्या साटिनसारखा पसरला होता, पण तिने डोळे घट्ट मिटलेले.

आणि अडीच तासांतच विमानाने नाक खाली केलं.

"हॅरी! पडतंय रे! अजून दोन तास बाकी आहेत!"

तिने खणखणीत आवाजात 'नमो मारिया' सुरू केलं. बाजूच्या पोर्तुगीज आजीने क्रूसाची खूण केली आणि आपल्या भाषेत साथ धरली. मागून आणखी दोघी मिळाल्या. वसईची मराठी पुढे, पोर्तुगीज मागे! हवाई सुंदरी हसत हसत "रोम, रोम" म्हणत राहिली. चाकं टेकली. आजीने टाळ्या वाजवल्या.

जसिंताने डोळे उघडले. "पावणेपाच तासांचं विमान मी तीन तासांच्या आत आणलं! बघितलंस?"

हॅरीचा हिशेब आता कुठे जाग्यावर आला. तोंड उघडलं, तर जन्मभराची ऐट जाणार. शिवाय ही पुन्हा घाबरणार, आणि घरी तर उडतच जायचंय.

"बघितलं," तो म्हणाला.

"परतीला खिडकी माझी. डोळे उघडे ठेवूनच ओढते. आता मिस्साला वेळ आहे, आधी आइस्क्रीम. यल्ला, चल!"

आणि ती साडी सावरत पुढे धावली. दोन्ही बॅगा हॅरीच्या खांद्यावर.