गुप्तहेर कातळचे शेवटचे पान

अमरावतीच्या दुकानदाराने अकोल्याच्या पेंटरला फसवले. माझ्या हातच्या कागदांत मात्र बरोबर उलटे लिहिले आहे. माझ्या नोकरीतले हे एकच प्रकरण असे, की ते आठवले की आरोपी कोणाला म्हणावे तेच मला कळत नाही.

मी तेव्हा अमरावतीच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक हार्डवेअरचे दुकानदार छातीशी पिशवी धरून आत आले. पिशवीतून त्यांनी एक पिवळे पडलेले चित्रकथेचे पुस्तक काढले.

"साहेब, त्या अकोल्याच्या पेंटरनं मले लुटलं. शेवटचं पान बोगस हाये!"

ठाणे अंमलदार हसला. मी त्याला गप्प केले, पण कळले मलाही काही नाही. गुप्तहेर कातळ हा जुन्या चित्रकथांमधला नायक. चुरगळलेली हॅट, मोडलेले नाक. प्रत्येक अंकात मार खातो, विश्वास ठेवलेला माणूसच दगा देतो, आणि गुन्हेगार पकडून शेवटी हा एकटाच पायी घरी जातो. चित्रकथा बंद होऊन पन्नासेक वर्षे झाली, तरी अमरावती-अकोल्याचे त्याचे चाहते अजून वर्षातून एकदा जमतात. अशाच एका मेळाव्यात दुकानदाराने आपले तीस अंक देऊन पेंटरकडून हा शेवटचा अंक घेतला होता. घरी थुंकी लावून शेवटचे पान उलटले, तर निळा रंग बोटाला लागला. पान छापील नव्हते, हाताने रंगवलेले होते.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. माझे वडील बाजारात हातगाडीवर भाजी विकत. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर चढलो. भाव करणारा माणूस कधी खोटे बोलतो, हे मला हातगाडीवरच कळले होते. पेंटरला चौकशीला बोलावले. साठीचा, सुकलेला, बोटांच्या पेरांत रंग बसलेला माणूस. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या.

"अंक जसा होता तसा देल्ला साहेब," एवढेच तो म्हणे. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. पेपरातली बातमी वाचून अकोल्याजवळच्या पातूरहून एक म्हाताऱ्या बाई बोलत होत्या. "ते शेवटचं पान आमच्या घरी हाये. या अन् घेऊन जा."

त्यांच्या नवऱ्याची एके काळी पातूरला भाड्याने पुस्तके देण्याची लायब्ररी होती. पुस्तके फाटून परत येत, म्हणून त्याने एक नियम केला होता. रहस्याच्या पुस्तकाचे शेवटचे पान तो आधीच काढून डब्यात ठेवी. पुस्तक धड परत केले की वाचकाने काउंटरशी उभे राहून ते पान वाचायचे आणि परत द्यायचे. कातळचा शेवटचा अंक शाळकरी पेंटरने घरी नेला, त्याच आठवड्यात मालक अंथरुणाला खिळला आणि लायब्ररी बंद झाली. अंक पेंटरकडे राहिला, पान डब्यात.

पंचांसमक्ष डबा उघडला, पान जप्त केले. ठाण्यात आणून पेंटरसमोर धरले. आजवर शेकडो आरोपींना मी मुद्देमाल दाखवला. प्रत्येक जण आधी मुद्देमालाकडे बघतो, मग माझ्याकडे. या माणसाने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

"दाखवू नका साहेब! पुस्तक परत केल्याबिगर पान पाहाचं नसते."

तिथेच मला कबुली मिळाली.

"मग ते दुसरे पान का रंगवले?"

"काय करू साहेब? आखरीच्या चित्रात कातळ पिस्तुलासमोर उभा हाये. इतके वर्सं उभाच. त्याले कोणी घरी नेऊनच नाही राहिलं. मंग मीच नेला."

"दुकानदाराला सांगितले का नाही?"

"त्याईनं इचारलंच नाही."

म्हणजे लबाडी होतीच. पण ती कसली लबाडी, ते मला सांगता येईना.

मी दोघांना समोर बसवून सौदा केला. पोलिसाने तसे करू नये, हे मला ठाऊक आहे. ठरले ते असे: अंक आणि दोन्ही पाने दुकानदाराची. त्याआधी त्याने अंक घेऊन पातूरला यायचे. पेंटर तो बाईंच्या हाती परत देईल, उभा राहून खरे पान वाचेल, मग सगळे दुकानदाराने न्यावे. दुकानदार म्हणाला, "मंजूर साहेब, तुमचा शब्द म्हणजे शब्द." बाईंनी हरकत नसल्याचे लिहून दिले, कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली, मुद्देमाल दुकानदाराच्या ताब्यात गेला.

पातूरला तो आलाच नाही. आधी लग्नसराई, मग दुकानात गर्दी, मग फोनच उचलेना. तोवर मी निवृत्त झालो.

पेंटरला मी म्हटले, "मी पाहिलेय ते पान. सांगू का?" तर म्हणाला, "नका साहेब, तुमच्या पाया पडतो." आता तर त्याने होकार दिला तरी मला सांगता येणार नाही. एका पानावर हॅट चिखलात पडलेली होती, दुसऱ्यावर एक बाई दार लावून घेत होती. छापील कोणते आणि पेंटरचे कोणते, याचा माझ्या डोक्यात पार गोंधळ झाला आहे.

गेल्या मेळाव्याला मी मुद्दाम गेलो. मंचावर काचेच्या चौकटीत पेंटरचे पान होते; मागून चित्र दिसत नव्हते, निळा रंग तेवढा कळत होता. "मूळ चित्रकाराने काढलेला, कधीच न छापलेला दुसरा शेवट," असे सांगून दुकानदाराने शाल-श्रीफळ घेतले. ज्या पानाला त्याने माझ्यासमोर बोगस म्हणून फिर्याद दिली, तेच पान! मागच्या रांगेत पेंटर टाळ्या वाजवत होता.

मी चिडून म्हणालो, "अहो, टाळ्या काहून वाजवता?"

"रंग अजून टिकून हाये साहेब," तो म्हणाला.

या प्रकरणाने मला एवढेच शिकवले की कायद्याने फिर्यादी ठरलेला माणूस सच्चा असतोच असे नाही, आणि ताबा सोडण्याआधी शर्त पुरी करून घ्यायची असते. ते न केल्याची चूक माझी, ती मी इथे कबूल करतो. पण माझ्या टेबलावर दिलेला शब्द मोडण्याचे उत्तर मी देणार नाही, ते दुकानदाराने द्यावे. ते पान कोणाच्या हातचे, हे त्याने त्याच मंचावरून सांगावे. आणि दुकानदारा, पातूरला कोणत्या दिवशी येतोस, तेही सांग. पेंटरची नजर आता अधू झाली आहे.