निवडुंगाला चिकाची वाटी

शेलूबाजारच्या माळणीचं, प्रयागबाईचं, बोलणं मिरचीसारखं. पण उपकार म्हणाल, तर ती कधी विसरली नाही. माणसाचे सोडा हो, झाडाचेही नाही!

पंचावन्न सालचा उन्हाळा. चारा आटला होता अन् तिची एकुलती एक गाय, कपिली, गाभण होती. ती गेली, तर बिनमायच्या नातीच्या दुधाचं काय? म्हणून प्रयागबाई बांधावरच्या फड्या निवडुंगाचे काटे जाळून त्याचे तुकडे गाईला घाली. गावात सगळेच घालत. फड्या संपला, तेव्हा तिची नजर विहिरीजवळच्या उभट निवडुंगाकडे गेली. अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या रंगरावानं, तिच्या भाच्यानं, ते परदेशी रोप हौसेनं लावलं होतं. काटा जळला म्हणजे जहरही जळलं, असा बाईचा हिशोब.

कपिलीनं एक घास चावला, थुंकला, अन् लाळ गाळत थरथरायला लागली.

त्याच दुपारी रंगराव मोटारीतून उतरला.

"काटे तं जाळले होते रे बापू!" प्रयागबाईनं कपाळ बडवलं.

"मावशी, जहर काट्यात नाही, गरात असते." उरलेले तुकडे त्यानं लांब फेकले, गाईपुढे पाणी ठेवलं. दोघं तिच्यावर नजर ठेवून बसली. "तू दुधाचं दही करतं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तसंच हे झाड. टायरोसीन नावाचा त्याच्या अन्नातलाच एक कण. त्याचा तुकडा काढते, दुसरा जोडते, असं करत करत कडू अल्कलॉइड, म्हंजे हेच जहर, बनवते. दर पायरीले वेगळं विरजण. सगळ्या पायऱ्या तं अजून शास्त्रज्ञायलेही ठाव नाहीत."

"आपलंच अन्न खर्चून मेलं कडू कायले करते?"

"कोणी खाऊ नये म्हणून. कडू लागलं म्हणून कपिलीनं थुंकलं. गोड असतं, तं तिनं सारं संपवलं असतं."

 दिवस कलला तेव्हा कपिलीनं मान झटकली अन् शेजाऱ्यानं दिलेल्या मूठभर कडब्याला तोंड लावलं.

"वाचली व माय!" प्रयागबाई गाईच्या गळ्यात पडून रडली. झाड उपटायला काढलेली कुदळ तिनं परत ठेवली.

पुढं कपिली व्याली. चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटायची रीत. पहिली वाटी प्रयागबाईनं विहिरीकडे नेली.

भेटीला आलेला रंगराव हसला. "मावशी, झाड खरवस खाते काय?"

"न खावो!" तिनं वाटी बुंध्याशी ठेवली. "त्यानं आपल्या घासातून कडू केलं, तवा माह्या नातीले गोड भेटलं."